कानामागची जोड: माझ्या मलेटची गोष्ट

मलेट, म्हणजे समोर आणि बाजूला आखूड आणि मागे लांब असा केसांचा कट, कापायचं मनात असेल तर आधी स्वतःच्या मानेचा फोटो काढून घ्या. न्हाऊन, केस आपोआप वाळू देऊन, काहीही न लावता, घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून. आरशात आपण जन्मभर समोरून बघतो आणि हा कट तर बाजूने आणि मागूनच ओळखला जातो. माझा फोटो धाकट्या बहिणीने काढला. माझ्या मानेवरचे केस सरळ खाली उतरत नाहीत, डावीकडून उजवीकडे वळत उतरतात, हे मला त्या फोटोत दिसलं. उजव्या कानामागे केस जास्त दाट आहेत, हेही दिसलं. पुढे सलूनमध्ये जे ठरलं ते बरंचसं या फोटोवरून ठरलं.

माझे केस जाड आणि लहरी. अगदी कुरळे नाहीत, पण हवेत जरा दमटपणा आला की चोहीकडे फुलतात. लांबी पाठीच्या मध्यापर्यंत होती. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडायची म्हणजे केस क्लचरमध्ये नाहीतर वेणीत. संध्याकाळी घरी येऊन क्लचर काढला की टाळू ठणकायची. कापायचे तर होतेच. पार्लरमध्ये यू कट, स्टेप कट, लेअर्स, फेदर कट असे पर्याय असतात, आणि धाडस असेल तर थेट बॉयकट. यू कटने शेंड्याला गोलाई येते, डोक्यावरचं ओझं तसंच राहतं. बॉयकट मला शाळेत असताना होता आणि तेव्हा तो मला फार आवडायचा, पण आता मानेवर केस हवे होते. चेहरा मोकळा हवा, कानाजवळ हलकं वाटायला हवं, मागे मात्र केस आहेत हे दिसायला हवं आणि वेळप्रसंगी ते बांधता यायला हवेत. या सगळ्या मागण्या पुऱ्या करणारा कट एकच, तो म्हणजे मलेट.

आईला सांगितलं तेव्हा तिने पहिलं नाव घेतलं संजय दत्तचं. तिच्या पिढीला पुढे आखूड आणि मानेवर लांब केस म्हटलं की नव्वदच्या सुरुवातीचा संजय दत्तच आठवतो. बाबांना धोनी आठवला. 2006 च्या पाकिस्तान दौऱ्यात लाहोरला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी जाहीरपणे धोनीच्या केसांचं कौतुक केलं होतं आणि कापू नकोस म्हणाले होते, तो प्रसंग बाबांना शब्दशः पाठ. पण धोनीचे ते केस मलेट नव्हते. ते सगळीकडून लांब वाढवलेले होते. मलेटमध्ये लांबीला महत्त्व कमी. समोरचे आणि बाजूचे केस आखूड आणि मागचे लांब, हा फरक महत्त्वाचा. मागचे केस जेमतेम कॉलरपर्यंत असले तरी मलेट होतो आणि कमरेपर्यंत असले तरी समोर तेवढेच असतील तर होत नाही.

मी बरंच मागे जाऊन बघितलं, कारण मला हा कट कापतात कसा ते समजून घ्यायचं होतं. 1972 च्या सुरुवातीला लंडनजवळच्या बेकेनहॅममध्ये सूझी फसी नावाच्या केशरचनाकार तरुणीने ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचे केस कापले. ती तिथल्या सलूनमध्ये काम करायची आणि बोवीच्या आईचे केस सेट करून द्यायची, त्या ओळखीतून हे काम आलं. वर आखूड आणि ताठ, मानेवर लांब, पुढे लालभडक रंग. ते फोटो बाजूने बघा. वरचे केस उभे राहतात कारण ते उभे राहण्याइतकेच आखूड आहेत आणि मागचे मानेला चिकटून पडतात कारण त्यांना वजन आहे. पन्नास वर्षं झाली तरी हे गणित बदललेलं नाही. ऐंशीच्या दशकात याचा जो अवतार जगभर पसरला तो वेगळा. वर आणि बाजूला एकदम आखूड, मग कानामागे सरळ पायरी, आणि तिथून खाली लांब केस. ज्यांना मलेट आवडत नाही त्यांच्या डोळ्यांसमोर हाच असतो. 2010 मध्ये इराणमध्ये पुरुषांसाठी मान्य केशरचनांची यादी निघाली तेव्हा त्यात मलेटला जागा नव्हती. ऑस्ट्रेलियात याच्या उलट. न्यू साउथ वेल्समधल्या करी करी नावाच्या लहानशा गावात 2018 पासून मलेटची स्पर्धाच भरते, बायकांचे आणि मुलांचे गट वेगळे असतात. त्या स्पर्धेतले बायकांचे फोटो मी खूप बघितले. एकाच कटमध्ये पिंगट सरळ केस, दाट कुरळे केस, पांढरे झालेले केस कसे बसतात, हे एवढं एकत्र दुसरीकडे बघायला मिळत नाही.

आताचा मलेट त्या पायरीवाल्यापेक्षा खूप मऊ आहे. 2020 च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांचेच केस मागे वाढले, त्याच वर्षी अमेरिकन गायिका मायली सायरस मलेटमध्ये दिसली, आणि लगोलग कोरियन गायकांच्या डोक्यावरून वुल्फ कट आपल्याकडे आला. वुल्फ कट म्हणजे शॅग (थराथरांचा, मुद्दाम विस्कटलेला कट) आणि मलेट यांचं मिश्रण. डोक्यावर भरपूर थर, कपाळावर फ्लिक्स, कानाशी केस तुटक तुटक आणि मागे लांब, पण कुठेही ठळक पायरी नाही. मुलांमध्ये आपल्याकडे जास्त दिसतो तो बर्स्ट फेड मलेट. कानाभोवती अर्धगोल मशीन फिरवून केस त्वचेपर्यंत उतरवत नेतात आणि मान तशीच लांब ठेवतात. माझ्या मामेभावाने तो करून घेतला. छान दिसतो त्याला, पण मशीनला लावायचा एक नंबरचा गार्ड म्हणजे तीन मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे सहा. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे ती कड दोन-तीन आठवड्यांतच पुसली जाते. त्याला न्हाव्याकडे सारखं जावं लागतं. मला ते जमणारं नव्हतं आणि मला मशीनही नको होतं.

बारकाईने बघायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक चांगल्या आणि वाईट मलेटमधला फरक एकाच जागी असतो. कानाच्या मागे, जिथे बाजूचे आखूड केस मागच्या लांब केसांना मिळतात तिथे. दोन-तीन बोटांची जागा. तिथली जोड नीट असेल तर मागची लांबी चेहऱ्याचीच वाटते. तिथे खड्डा पडला तर डोक्यावर दोन वेगवेगळे कट दिसतात. तिथे केस फार दाट राहिले तर कानामागे गठ्ठा होतो आणि बाजूने चेहरा रुंद दिसायला लागतो. चेहरा गोल की लांब, कपाळ मोठं की लहान याच्यावर सगळे बोलतात, ते चुकीचं नाही, पण फ्लिक्स कमी-जास्त करून त्याची काळजी घेता येते. जोडीचं तसं नाही. ती बिघडली तर वाढेपर्यंत थांबावं लागतं.

घराजवळच्या पार्लरमधल्या काकूंकडे मी आधी गेले, कारण माझे केस त्या वर्षानुवर्षं बघतायत. त्यांनी फोटो बघितले, माझे केस हातात धरून वजन केल्यासारखे उचलले आणि म्हणाल्या, "अगं, मी हा कधी केला नाहीये. तुझ्या केसांवर शिकायला नको." या एका वाक्याबद्दल त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला. वर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती. माझा भोवरा अगदी मध्यावर नाही, उजवीकडे सरकलेला आहे, आणि तिथले केस चार बोटांपेक्षा आखूड केले तर उभे राहतील. लहानपणी आजी सगळ्या नातवंडांच्या डोक्यावरचे भोवरे मोजायची, दोन असले की दोन लग्नं होणार म्हणायची. माझा एकच निघाल्याने तिचं समाधान झालं होतं. तो कुठे आहे हे मात्र तेव्हा कुणी बघितलं नव्हतं. मलेटमध्ये डोक्याच्या वरचेच केस आखूड होतात, त्यामुळे भोवऱ्याची दिशा आणि जागा दोन्ही माहीत असल्याच पाहिजेत. आणि टाळूवर केस विरळ असतील तरी विचार करावा, कारण मागची लांबी बघणाऱ्याची नजर आधी वरच नेते. टेनिसपटू आंद्रे आगासीने आत्मचरित्रात लिहिलंय की 1990 च्या फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये तो केसांचा टोप पिनांनी अडकवून खेळत होता आणि सामन्यापेक्षा टोप पडेल याची त्याला धास्ती होती. बाबा तो सामना लक्षात ठेवून आहेत, त्यांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प होते.

ज्या मुलीने शेवटी माझे केस कापले ती मूळची मिझोराममधल्या ऐझॉलची. मुंबईतल्या सलूनमध्ये ईशान्येकडची कितीतरी मुलं-मुली काम करतात, आणि कोरियन पद्धतीचे कट त्यांच्या हातात मुरलेले असतात याला कारण आहे. मिझोराममध्ये स्थानिक केबलवाहिन्या कितीतरी वर्षं कोरियन मालिका मिझो भाषेत डब करून दाखवत आल्या आहेत, हे कट ती मुलं लहानपणापासून बघतायत. मी तिला माझ्या मानेचा फोटो दाखवला आणि आवडलेले तीन-चार मलेट दाखवले, सगळे बाजूने काढलेले. तिने फोटो बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "दीदी, कान दिखना चाहिए कि नहीं?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कान पूर्ण मोकळा ठेवायचा, अर्धा झाकायचा की केसांनी पूर्ण झाकायचा, यावर जोड किती वर येणार ते ठरतं. पूर्ण मोकळा ठेवला तर जोड वर जाते आणि मलेट ठळक दिसतो. पूर्ण झाकला तर तो लेअर कटकडे झुकतो. मी अर्धा म्हटलं. कानाची वरची कड झाकलेली आणि पाळी उघडी, म्हणजे कानातलंही दिसेल. मग तिने मागच्या लांबीबद्दल विचारलं. मला खांद्यापर्यंत हवी होती. ती म्हणाली, खांद्यावर बरोबर टेकणारे केस बाहेरच्या बाजूला वळतात, सगळ्यांचेच, कारण खांदा त्यांना ढकलतो. एकतर दोन बोटं वर ठेवा नाहीतर तीन बोटं खाली. मी खाली म्हटलं. त्याला एक घरगुती कारणही होतं. हिवाळ्यात मावसबहिणीचं लग्न होतं आणि आईची एकच अट होती की गजरा माळता आला पाहिजे.

केस कोरडे असतानाच कापायला घेतले. लहरी केस ओले असले की लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात, त्यामुळे ओल्यावर मापलेली लांबी नंतर खरी राहत नाही. तिने आधी डोक्याचे भाग पाडले. कपाळावरचा एक त्रिकोण, टाळूवरची गोल चकती, दोन्ही बाजू आणि मान. मानेचा भाग वळवून क्लिपने बंद करून टाकला, म्हणजे चुकूनही त्याला कात्री लागणार नाही. सुरुवात टाळूपासून. तिथले केस सरळ वर ओढून धरायचे आणि टोकाशी कात्री उभी धरून टुचुक टुचुक कापायचे, आडवी रेघ मारायची नाही. उभ्या कात्रीने टोकं वेगवेगळ्या लांबीची राहतात आणि वाळल्यावर एकमेकांत मिसळतात. भोवऱ्यापाशी ती थांबली, केस बोटांनी दोन्हीकडे पाडून बघितले आणि तिथला थर बाकीच्यापेक्षा लांब ठेवला.

मग बाजू. मी आरशात टक लावून बघत होते ते याच्यासाठी. बाजूचे केस तिने खाली न विंचरता पुढे, गालाकडे ओढले आणि तिथे कापले. असं केलं की कानापुढचे केस आखूड होतात, आणि जसजसं मागे जावं तसतसे ते आपोआप लांब राहतात, कारण मागच्या केसांना पुढे पोचायला जास्त अंतर कापावं लागतं. मऊ जोड या ओढण्यातून तयार होते. कानामागे आल्यावर तिने बारीक दातांची फणी घेतली, अर्ध्या बोटाची बट सुटी केली, बाजूच्या लांबीला लावून बघितली, मानेच्या लांबीला लावून बघितली, आणि दोन्हीच्या मधोमध कापली. पुन्हा एक बट. पुन्हा तसंच. उजव्या बाजूला, जिथे माझे केस दाट आहेत, तिथे तिने आतल्या आत काही बटा आखूड केल्या, वरून कळणार नाहीत अशा. शेजारच्या खुर्चीवर एक पूर्ण हेअरकट संपला, गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, आणि ही अजून माझ्या कानामागेच होती.

रेझर वापरू का असं तिने विचारलं नाही, तिनेच सांगितलं की नको. सरळ आणि बारीक केसांना रेझरने सुरेख हलकेपणा येतो. जाड लहरी केसांची टोकं मात्र त्याने फाटल्यासारखी होतात आणि दमट हवेत पिंजारतात. विरळ करायच्या कात्रीचंही तसंच. ती मुळाजवळ चालवली की आखूड खुंट तयार होतात, आणि ते वरच्या लांब केसांना उचलून धरतात. दाट केसांच्या बायकांना पार्लरमध्ये हमखास "थोडे हलके करून देऊ का?" असं विचारतात. मलेट करणार असाल तर कुठे आणि किती, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

फ्लिक्स शेवटी. भुवयांच्या खालपर्यंत ठेवले, मध्ये जरा आखूड आणि कडेला उतरते, म्हणजे ते बाजूच्या केसांना जाऊन मिळतात. मग तिने मागे आरसा धरला. मान हलकी, कान गार आणि खांद्यावर तरीही केस. मी डोकं दोन्हीकडे वळवून ती कानामागची जागा बघितली. जोड कुठे आहे ते मला माहीत असूनही सापडेना. मला अतिशय आनंद झाला.

सलूनमधून बाहेर पडताना केस चांगले दिसतात, त्याचं श्रेय ब्लो ड्रायरलाही असतं. हा कट आपला झाला की नाही ते पहिल्यांदा घरी न्हाल्यावर कळतं. मी काय करते ते सांगते. न्हाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती टी-शर्ट घेऊन केस खालून वर दाबायचे, पाणी टिपून घ्यायचं. केस ओलेच असताना लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं) कंडिशनर, वाटाण्याएवढं, फक्त मानेवरच्या लांब केसांना. त्यानंतर अंड्याएवढं मूस (केसांना उचल देणारा फेस) दोन्ही तळव्यांवर पसरून टाळूच्या आणि बाजूच्या केसांत, मुळाकडून. दोन भागांना दोन वेगळ्या वस्तू, हे महत्त्वाचं. वरच्या केसांना उचल हवी असते आणि मागच्यांना वजन. सगळीकडे एकच क्रीम फासलं की वरचे केस चपटे बसतात आणि मलेटचा मलेट राहत नाही. मग बोटांनी फ्लिक्स जागेवर आणायचे, कारण ते सगळ्यात आधी वाळतात आणि जसे वाळतील तसेच दिवसभर राहतात. कानामागची जागा सगळ्यात उशिरा वाळते. तिथे ओल राहिली की तो भाग चिकटून बसतो आणि जोड उघडी पडते, म्हणून ड्रायरला डिफ्यूझर (हवा पसरवणारं तोंड) लावून, कमी गरम हवेवर, मान एका बाजूला कलवून तेवढी जागा वाळवून घ्यायची. बाकीचं डोकं हवेवर सोडून दिलं तरी चालतं.

सी सॉल्ट स्प्रेची, म्हणजे केसांवर मारायच्या खाऱ्या पाण्याची, बाटली मी उत्साहाने आणली होती. थंडीत आणि कोरड्या हवेत तो छान काम करतो, केसांना पकड येते. रोज मारला तर माझ्या केसांना कोरडेपणा येतो, उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं तेव्हा तर जास्तच. आता तो फक्त टाळूवर, तोही कधीमधी. ज्यांचे केस बारीक आणि सरळ आहेत त्यांना मात्र हा स्प्रे किंवा थोडी मॅट क्ले (केस धरून ठेवणारी, चमक नसलेली पेस्ट) लागेलच, त्याशिवाय वरचे केस उभे राहणार नाहीत.

पावसाळा हा खरा परीक्षेचा काळ. केसांमधल्या केरॅटिन या प्रथिनात हायड्रोजनचे बंध असतात, ते पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात जुळतात. म्हणून तर ओले केस वळवून वाळवले की वळण टिकतं. जुलैत आपल्याकडच्या हवेत इतकी वाफ असते की हे बंध दिवसभर सुटत आणि जुळत राहतात आणि केस आपल्या मूळ स्वभावावर जातात. सरळ केलेले केस हमखास दगा देतात. मलेटचा यात मोठा फायदा आहे, कारण त्याला मूळ स्वभावच हवा असतो. दिवा स्टेशनहून गाडी सुटेपर्यंत दारातल्या वाऱ्याने माझे वरचे केस विस्कटलेले असतात आणि ते तसेच बरे दिसतात. फक्त ग्लिसरीन असलेली क्रीम पावसाळ्यात मी बाजूला ठेवते. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि केस फुगतात.

तेल मी सोडलेलं नाही. आमच्याकडे शनिवारी रात्री तेल हा नेम आहे आणि आईच्या हातचं मालिश हा माझ्या आठवड्यातला सगळ्यात आवडता अर्धा तास. 2003 मध्ये मॅरिको या खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खोबरेल तेल केसांच्या आत शिरतं आणि धुताना केसांमधली प्रथिनं कमी निघून जातात, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसं होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. कंपनी तेलाचीच असली तरी माझ्या मागच्या केसांचा अनुभव त्याच्याशी जुळतो. ते सगळ्यात जुने केस आहेत, कितीतरी उन्हाळे बघितलेले, त्यांना तेलाची गरज आहे. टाळूवरचे आखूड केस नवे आहेत. म्हणून तेल मागे हात सैल सोडून आणि वर जपून, आणि रविवारी सकाळी न्हाऊन पूर्ण काढून टाकायचं. तेल राहिलं तर वरचा उठाव जातो.

ऑफिसात पहिल्या दिवशी प्रतिक्रिया आल्याच. वयाने मोठ्या सहकारी बाईंनी "मागचे राहिले का गं कापायचे?" असं मनापासून विचारलं, आणि मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. काही दिवसांनी त्या स्वतः फ्लिक्स कापून आल्या. लोकलच्या लेडीज डब्यात एका कॉलेजच्या मुलीने कुठे केला ते विचारलं, तिला मी मोबाइलमधला माझ्या मानेचा जुना फोटो दाखवला आणि तुझाही असा काढ म्हटलं. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी मान पुढे करून बघितला. ठाण्यापर्यंत आम्ही सगळ्या भोवऱ्यांवर बोलत होतो.

लग्नाचं सांगायचं राहिलं. आईला वाटलं होतं की जमणार नाही. मी नऊवारी नेसणार होते, त्यावर मोकळे केस मलाही नको होते. पार्लरमधल्या त्याच काकूंना बोलावलं. त्यांनी मानेवरचे लांब केस एकत्र घेऊन, आत वळवून, सुपारीएवढा अंबाडा घातला आणि यू पिनांनी बसवला. टाळूवरचे थर मागे विंचरून त्याच्यावर आणले, म्हणजे तो अंबाडा भरल्यासारखा दिसायला लागला. कानाजवळची झुलपं त्यांनी मुद्दाम तशीच सोडली. मग मोगऱ्याचा दुपदरी गजरा अंबाड्याभोवती. कानामागे जिथे केस आखूड आहेत तिथे गजऱ्याला धरायला काही नसतं, म्हणून काकूंनी तो दोन्ही टोकांना आत वळवून दोऱ्याने पिनेला बांधला. फुलं संध्याकाळच्या जेवणापर्यंत हलली नाहीत. आईने नंतर चारचौघींत सांगितलं की या कटवर गजरा माळता येतो, आणि ती फार ठामपणे सांगत होती.

राखायचं म्हणाल तर पाच-सहा आठवड्यांनी फ्लिक्स आणि बाजू सारख्या करून घ्याव्या लागतात. फ्लिक्स डोळ्यांवर यायला लागले की घरी कापायचा मोह होतो. कापायचेच असतील तर कोरडे असताना, कात्री उभी धरून, मधल्या दोन बोटांपुरतेच. कानामागे मात्र घरी कात्री नेऊ नका, ती जागा आपली आपल्याला दिसतच नाही. मागचे केस वाढू द्यावेत, टोकं दुभंगली तरच टोकापुरते कापावेत. बाजू आणि मागची लांबी वेगवेगळ्या वेगाने जुनी होते, बाजू वाढल्या की मलेट हळूहळू साधा लेअर कट व्हायला लागतो. काहींना ते सोयीचं वाटेल. या कटमधून बाहेर पडायचं असेल तर बाजू वाढू द्यायच्या आणि मागची टोकं थोडी थोडी कमी करत जायचं, खांद्याच्या वर छान बॉब तयार होतो.

मला बाहेर पडायचं नाहीये. पुढच्या खेपेला बाजू बोटभर आणखी वर घ्यायच्या ठरल्या आहेत, कान पूर्ण मोकळा. ऐझॉलच्या त्या मुलीने आताच सांगून ठेवलंय की त्यासाठी जोडही वर सरकेल आणि उजवीकडच्या दाट जागेला जास्त वेळ लागेल, तेव्हा शनिवार-रविवार सोडून दुपारचं या. मी मंगळवारची सुट्टी टाकली आहे.